डीमधलं खळं

संक्रांत होऊन गेली आणि यंदा आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघाचा आढावा झाला नाही. हंगाम निम्मा सरला आहे. दोन सामने जिंकलो, दोन हरलो, एक बरोबरीत सुटला. गोलकीपर नवी आहे, धीट आहे, पण गोल सोडून फार पुढे येते. पुढच्या फळीतल्या मुली वेगवान आहेत आणि एकमेकींना चेंडू देत नाहीत. पुढच्या फेरीत जाऊ की नाही ते सांगणं कठीण आहे. एवढं मी लिहू शकते. पण सराव संपल्यावर धाकट्या मुली म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही सीनियर. तुम्हीच बोला ना सरांसारखं," तेव्हा मी उभी राहिले आणि पुन्हा खाली बसले. सर आता नाशिकला मुलीकडे असतात. त्यांना आता दिसत नाही. त्यांच्यासारखं बोलणं मला जमत नाही. त्यांच्याबद्दल लिहिणं जमतं का, ते बघते.

सर म्हणजे माझे घरमालक. हायस्कूलमधून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. त्यांनी आयुष्यात कधी हॉकी खेळलेली नव्हती. संगमनेरला आमच्या कॉलेजच्या मैदानाला लागून त्यांचं घर होतं, आणि मुलींच्या संघाचा सामना तर सोडाच, साधा सरावसुद्धा ते चुकवत नसत. हे वेड कसं लागलं असं कुणी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळे. त्यातलं मला एक आवडतं. "एकदा चेंडू अंगणात आला. तो परत द्यायला गेलो. अजून घरी यायचोय."

मी खर्ड्याकडची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कुणी नाही. खोली बघायला वडील बरोबर आले होते. चपला काढून ते दाराबाहेरच उभे राहिले. सरांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि गाव, टक्के, आडनाव यांतलं काहीच न विचारता म्हणाले, "मुलगी धावते का?"

वडील गोंधळले. "शाळा लांब हुती, साहेब. चालतच जायची. उशीर झाला की पळायची."

"उशीर वारंवार व्हायचा?"

"व्हय की. पानी भरूनच निघायची सकाळचं."

"मग राइट हाफ," सर म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्याने सांगितलं, "गोलकीपर, राइट हाफ मिळाला!"

आतून हात पुसत काकू आल्या. गोलकीपर म्हणजे त्याच. "घाबरू नका हं," त्या वडिलांना म्हणाल्या. "मला हेच म्हणतात. माझ्या हातून काही सुटत नाही म्हणे. यांच्या हातून चष्मासुद्धा सुटतो."

परत स्टँडकडे जाताना वडिलांनी दोनदा वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मानूस चांगला हाय. जरा हाललेला हाय, पर चांगला हाय."

त्या घरात मला पुन्हा नाव मिळालं नाही. सर सगळ्यांना जागेच्या नावाने हाक मारत. "राइट हाफ, जेवलीस का?" "लेफ्ट विंग, ताप उतरला?" आमची कॅप्टन सेंटर हाफला खेळायची, तर तिचे वडील भेटायला आले की सर त्यांना "या, सेंटर हाफचे वडील," म्हणत. सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं. मग बरं वाटू लागलं. कॉलेजात कुणी माझं आडनाव विचारलं की त्याच्या मागून कुठला प्रश्न येणार ते मला कळायचं. राइट हाफला तो प्रश्न कुणी विचारत नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. सामन्याचा निकाल सांगताना ते पाहुण्या संघाचे गोल आधी सांगत. पाहुण्यांना आधी वाढायचं, तसं. त्यामुळे बाजारात गमती होत. भाजीवाले विचारत, "काय सर, काल काय झालं?"

"एक-तीन."

"अरेरे. परत हरल्या पोरी."

"जिंकल्या."

"मग सरळ सांगा की!"

"सरळच सांगितलं," सर म्हणत आणि मेथीची जुडी उचलत.

मैदानाच्या रेषा तेच मारत. जिमखान्याचे सर फक्कीची पिशवी त्यांच्या हातात देऊन मोकळे होत. गोलसमोरचं अर्धवर्तुळ, ज्याला आम्ही डी म्हणतो, ते आखायला सर खुंटीला सुतळी बांधत आणि वाकून, श्वास रोखून पांढरी रेषा ओढत नेत. रेषा पूर्ण झाल्यावर श्वास सोडत. त्यानंतर सामनाभर त्यांची जागा एकच. आमच्या चढाईच्या बाजूला, गोललाइनीच्या मागे, गोलच्या डावीकडे, मिटलेली छत्री जमिनीला टेकवून. उरलेल्या मैदानात काय चाललंय याच्याशी जणू त्यांना देणंघेणं नव्हतं. मला ती नुसती लहर वाटायची.

काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घरातला नळ गळतो तो दिसत नाही, आणि तिकडचा चेंडू बरा दिसतो!" मागच्या हंगामाच्या आधी, पावसाळा संपल्यावर, त्यांनी ते वाक्य म्हणणं बंद केलं. नळ गळतच होता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिवरात्रीच्या सुमाराला साखळी सामने संपतात. संक्रांत बरोबर मध्ये येते. त्या संध्याकाळी सर संघाचा आढावा घेत. आम्ही डीत रिंगण करून बसायचो. काकू तिळगुळाचा डबा घेऊन यायच्या. सर प्रत्येकीच्या हातावर एकेक लाडू ठेवत आणि म्हणत, "तिळगूळ घ्या आणि खरं ऐका. गोड काय, वर्षभर बोलतोच." ते खरंच होतं. एरवी ते कुणाला उणा शब्द बोलत नसत. तो एक दिवस बोलत.

मागच्या संक्रांतीला त्यांनी लेफ्ट विंगपासून सुरुवात केली. "लेफ्ट विंग, चेंडू मिळाला की तू आधी माझ्याकडे बघतेस. मी गोल नाही."

"सॉरी सर."

"गोलला म्हण सॉरी. फुल बॅक, तू घाबरलीस की ओरडतेस. ओरड, हरकत नाही. पण त्या वेळी डोळे मिटू नकोस."

"मी कुठं मिटते?" फुल बॅक म्हणाली.

"मिटतीस गं," सेंटर हाफ म्हणाली. "आमी समद्या बघतो. तूच तेवढी बघत न्हाईस."

सगळ्या हसलो. सरही हसले. मग म्हणाले, "आता पेनल्टी कॉर्नर. मिळाले किती?"

"लई मिळाले."

"गोल किती झाले?"

एकही झाला नव्हता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेनल्टी कॉर्नर म्हणजे एक मुलगी गोललाइनीवरून चेंडू जोरात ढकलते. दुसरी डीच्या टोकाबाहेर तो स्टिकने थांबवते. तिसरी धावत येऊन मारते. थांबवणारी मी होते आणि मारणारी सेंटर हाफ. आमचं मैदान मुरमाचं. ढकललेला चेंडू खड्यांवरून उड्या मारत येई आणि माझ्या स्टिकवरून निघून जाई. थांबतच नसे, तर मारणार काय?

"संघ वाईट नाही," सर म्हणाले. "जमीन वाईट आहे. पुढच्या फेरीत जायचं तर कॉर्नरला गोल व्हायलाच हवेत. नाहीतर अशक्य." मग त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एक खरं माझंही ऐका. मला काचबिंदू आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. ती नळी रोज थोडी बारीक होते. खेळात चेंडू कुठे जाईल ते चेंडूलाच माहीत, म्हणून मला तो सापडत नाही. कॉर्नरला मात्र त्याचा रस्ता ठरलेला असतो. माझे डोळे आधीच तिथे जाऊन बसतात. म्हणून मी तिथे उभा असतो." आम्ही सगळ्या खाली बघत होतो. "या संघाने पेनल्टी कॉर्नरवर केलेला एक गोल मला बघायचा आहे. सामन्यातला. सरावातला नको, तिथे अडवणारं कुणी नसतं. पुढच्या हंगामापर्यंत डोळे टिकतील असं डॉक्टरांना वाटत नाही."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा लावलं.

मी सहसा चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी कसं कोण जाणे, बोलले. "सर, खळं केलं तर?"

"कसलं खळं?"

आमच्याकडे ज्वारीची मळणी पूर्वी खळ्यावर होत असे. आता मळणीयंत्र आलं, खळी राहिली नाहीत, पण आईच्या हाताला ते काम अजून येतं. जमीन खणून खडे वेचायचे, चिकण मातीत भुसा कालवून पसरायची, पाणी मारून लाकडी चोपण्याने बडवायची, आणि सुकली की वर शेणाने सारवायचं. दाणा टाकला तर घरंगळत जावा अशी गुळगुळीत होते. अख्खी डी कशाला, चेंडूच्या रस्त्यापुरती पट्टी केली तरी पुरे. हे मी अडखळत सांगितलं. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"जमिनीचं पोट धरून चालणारा चेंडू," सर हळूच म्हणाले. मग, "आईंना फोन लाव."

जिमखान्याच्या सरांनी परवानगी आणली. वरून एवढंच विचारलं गेलं म्हणे की वास तर येणार नाही ना. आई आणि माझी चुलती एस.टी. बदलत बदलत आल्या. आईने कॉलेज पहिल्यांदाच पाहिलं. इमारतीकडे तिने फारसं लक्ष दिलं नाही. मैदानात आली, चप्पल काढली, मुरूम पायाने उकरून पाहिला.

"एवढं सगळं सारवायचं?"

"नाही, नाही," सर म्हणाले आणि फक्कीने आखलेली पट्टी दाखवली. गोललाइनीपासून डीच्या टोकापर्यंत एक, तिथून गोलपर्यंत दुसरी.

"वाकडंतिकडं खळं हाय तुमचं, मास्तर. रास कशाची करायची?"

"गोलांची."

आईला ते कळलं नाही, पण पदर तोंडाला लावून हसली. मग तिने आणि चुलतीने काम हातात घेतलं, आणि आम्ही अकराच्या अकरा जणी त्यांच्या हाताखाली. खडे वेचले, माती तुडवली, चोपण्याने बडवून बडवून हातांना फोड आले. सेंटर हाफ म्हणाली, "मावशी, तुमी आमच्या कोच व्हा." आई म्हणाली, "मला नगं बाई. तुमच्या चड्ड्या लई आखूड." काकूंनी चहा आणला. माती कालवायला सरही वाकले होते. आईने त्यांना उठवलं. "मास्तर, तुमी बसा. तुमाला नीट दिसंना झालंय, पाय घसरंल." ती इतकं सरळ बोलली की मी दचकले. सर मात्र मुकाट्याने बाजूला जाऊन बसले. घरात कुणी त्यांच्याशी डोळ्यांबद्दल असं बोलत नसावं.

जाताना आई त्यांना म्हणाली, "पोरगी पळती का बरी?"

"पळते. पण थांबवते जास्त चांगलं."

"थांबायचं शिकली तर लईच झालं," आई म्हणाली.

सारवण सुकलं आणि आम्ही पहिला कॉर्नर घेतला. चेंडू जमिनीला चिकटून सरळ आला. मी स्टिक आडवी करून जमिनीला टेकवून ठेवली होती, त्यात तो येऊन बसला. सेंटर हाफने मारला. गोलच्या आतल्या लाकडी फळीवर ठण्ण वाजलं. सर गोललाइनीमागे उभे होते. "पुन्हा," म्हणाले. मग पुन्हा, पुन्हा. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो. रोज संध्याकाळी मी पट्टीवर पाणी शिंपडत असे आणि भेगा पडल्या तर शेण लावत असे. शहरातल्या मुली आधी नाक मुरडत, मग त्याही हात घालू लागल्या. ते दिवस माझ्या कॉलेजातले सर्वांत चांगले दिवस होते, असं मला वाटतं.

पुढचा सामना पुणतांब्याच्या बाजूला होता. तिथलं मैदान काळ्या मातीचं, उन्हाने भेगाळलेलं. सरही आमच्याबरोबर आले होते. पहिला कॉर्नर मिळाला. मी नेहमीसारखी स्टिक जमिनीला टेकवून वाट बघत उभी राहिले. चेंडू भेगेवर आपटला आणि माझ्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. दुसरा स्टिकवरून गेला. तिसऱ्या वेळी मी घाबरून स्टिक उचलली तर तो खालून गेला. आधी मुरमावर मला निदान चेंडू उडणार हे माहीत असायचं. आता माझे हात ते विसरले होते. आम्ही हरलो. परतताना गाडीत मी गुडघ्याला ओला रुमाल बांधला. सर खिडकीशी बसून होते. उतरताना त्यांनी फक्त विचारलं, "राइट हाफ, गुडघा सुजलाय?"

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर सर डीच्या टोकाशी उभे. हातात छत्रीऐवजी कुदळ. शेजारी काकू. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की रडू, ते मला कळलं नाही.

"हे काढून टाकायचं," सर म्हणाले.

सेंटर हाफ पुढे झाली. "सर, आपला शेवटचा सामना हितंच हाय. हितं चेंडू सरळ येतोय. तुमाला गोल दाखवतोच आमी. तेवढा सामना होऊ द्या, मग मी एकटी खनून काढते समदं."

"आणि त्याच्या आधीचा सामना? तो हरलात तर पुढची फेरी गेली."

"तो बघू."

"कसा बघू? तिथे खळं नाही. राइट हाफ, काल स्टिक कुठे होती तुझी?"

"जमिनीवर, सर."

"आणि चेंडू?"

"गुडघ्यावर."

"इतके दिवस मी तुला शिकवलं की चेंडू उडत नाही. तो उडतो. माझं चुकलं."

"पन सर, तुमचं बघायचं ऱ्हायलं ना," सेंटर हाफचा आवाज चढला होता. "डागतर म्हनले ना, पुढच्या सालाला…"

"मी बघणारा आहे. तुम्ही खेळणाऱ्या," सर म्हणाले. "बघणाऱ्याच्या सोयीने मैदान केलं की खेळ बिघडतो. बिघडला, बघितलंस ना काल?"

सर गोललाइनीकडे गेले, तिथून पायाने चाचपत पट्टीवरून चालत आले आणि पहिला घाव घातला. बरोबर तिथे, जिथे मी स्टिक टेकवत असे. आईने चोपलेली माती सहज निघाली नाही. दुसऱ्या घावाला कुदळ घसरली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि उरलेलं आम्ही खणलं. वर मुरूम पसरला, खडे टाकले.

रात्री आईला फोन केला. "आई, खळं मोडलं."

"मोडनारच की. रास झाली की खळं नांगरूनच टाकत्यात."

"रास झाली न्हाई अजून."

"मग का मोडलं?"

मी सगळं सांगितलं. केलेलं काम वाया गेलं, यावर ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "मास्तर जेवलं का आज?"

"न्हाई. काकू म्हनाल्या, ताटावरून उठले."

"मग तू बी जाऊन बस जरा त्यांच्यापाशी," आई म्हणाली. मी गेले. सर ओसरीत बसले होते. मी शेजारी पायरीवर बसले.

त्यानंतर मी खड्यांवर थांबवायला शिकले. चेंडू शेवटची उडी घेईपर्यंत स्टिक टेकवायची नाही, एवढंच त्यात आहे. पण तेवढा धीर धरणं फार अवघड असतं. सर शेजारी उभे राहून ऐकत. चेंडू सुटला की काही बोलत नसत. थांबला की "हं" म्हणत.

मधला सामना आम्ही जिंकलो, आणि तो पेनल्टी कॉर्नरवर जिंकलो. खडबडीत मैदानावर उडता चेंडू मी थांबवला आणि सेंटर हाफने फळी वाजवली. पुढच्या फेरीतली जागा पक्की झाली. सर तिथे नव्हते. त्याच दिवशी नाशिकच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. संध्याकाळी आम्ही सगळ्या त्यांच्या घरी गेलो आणि एकदम बोलू लागलो. सरांनी हात वर केला. "राइट हाफ. उडाला?"

"उडाला, सर."

"कुठपर्यंत?"

मी त्यांचा हात धरून माझ्या गुडघ्याच्या वर नेला. त्यांनी तो तिथे क्षणभर ठेवला आणि मान हलवली. काकू दारात उभ्या होत्या. "मीच नेलं यांना. मी म्हटलं असतं, उद्या येतो, तर…"

"गोलकीपर," सर म्हणाले, "हा गोल तुझ्यावर लागत नाही."

शेवटचा साखळी सामना आमच्या मैदानावर होता. पुढची फेरी बाहेरगावी, आणि तिथवर सरांना नेणं आता जमणार नव्हतं. हरलो असतो तरी आमचं काही बिघडणार नव्हतं. तरी त्या दिवशी आम्ही कशासाठी उतरणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी उघड बोलत नव्हतं, कारण सरांना ते आवडलं नसतं. नळी किती बारीक झाली आहे ते आम्ही घरात बघतच होतो. पाण्याचा तांब्या ते हाताने शोधत. सामन्याआधी स्टिकला टेप गुंडाळता गुंडाळता सेंटर हाफ खालच्या आवाजात म्हणाली, "समोरच्या संघाच्या गोलकीपरला सांगू का? एक कॉर्नर सोड म्हनावं. म्हाताऱ्या मानसासाठी."

दोघीतिघींनी मान हलवली. मी म्हटलं, "सरांना कळलं तर?"

"कसं कळंल? सोडला का अडवला, हे दिसनार कुठं हाय त्यांना," ती म्हणाली. हे तिच्या तोंडून गेलं आणि तिचं तिलाच रडू आलं. टेप हातातच राहिला. मग तिने बाहीने तोंड पुसलं. त्या गोलकीपरकडे कुणीच गेलं नाही.

सामना संपत आला तरी गोल नव्हता, त्यांचाही नाही आणि आमचाही नाही. मग एक पेनल्टी कॉर्नर मिळाला. सर त्यांच्या जागेवर होते. काकूंनी त्यांचा दंड धरला होता. लेफ्ट विंगने चेंडू ढकलला. खळं असतं तर तो सरळ आला असता. तो एकदा उडाला, दुसऱ्यांदा उडाला, मी थांबले, आणि तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा स्टिक टेकवली. चेंडू जागच्या जागी उभा राहिला. सेंटर हाफने मारला. पूर्ण हंगामात तिने इतका चांगला फटका मारला नव्हता. जमिनीलगत, कोपऱ्यात. त्यांची गोलकीपर, काडीसारखी मुलगी, आडवी झाली आणि पायाच्या टोकाने तिने तो बाहेर वळवला.

थोड्या वेळाने शिट्टी झाली. सेंटर हाफ मैदानातच बसली. सरांकडे जायला कुणी धजेना, म्हणून मी गेले.

"फळी वाजली नाही," सर म्हणाले.

"नाही, सर. अडवला."

"चांगला अडवला?"

"फार चांगला. पायाच्या टोकाने."

"मग तिला जाऊन सांग. तिच्या मागे आज तिचं म्हणावं असं कुणी उभं नव्हतं. होतो तो मी, तुमच्या बाजूचा."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "सर, तुम्हाला काही दिसलं का?"

"थांबलेला दिसला," ते म्हणाले. "चेंडू. तुझ्या स्टिकला लागून. पांढरा, स्वच्छ. खडेसुद्धा दिसले त्याच्या बाजूचे. मग तो गेला, आणि मी वळेपर्यंत सगळं संपलं होतं." त्यांनी छत्रीचं टोक जमिनीत रुतवलं. "उडत आला ना तो?"

"तीनदा, सर."

"हं. आता जा. त्यांची गाडी सुटेल."

मी मैदान ओलांडून पळत गेले. ती गोलकीपर पॅड सोडत बसली होती. मला बघून ती जरा बिचकली. मी दम खात म्हटलं, "आमच्या सरांनी सांगितलंय, फार चांगला अडवलास."

"कुठले सर?" तिने विचारलं.

मी वळून बोट दाखवलं. काकू त्यांना घराकडे वळवत होत्या, पण सर अजून तिथेच उभे होते, डीच्या टोकाकडे तोंड करून, चेंडू थांबला होता त्या जागेवर नजर लावून.